साडेचोवीस सेंटिमीटरचा पाहुणा

१

गुरुवारी सकाळी चौथा पाय परत आला, आणि तो नेमका भिंगरीचा होता.

भिंगरी नऊ वर्षांची. डावा पाय गुडघ्याखाली नाही, पण एका जागी बसेल तर शपथ. म्हणून तर कार्यशाळेतल्या सगळ्यांनी तिला हे नाव ठेवलं होतं. आज मात्र ती आईला चिकटून बाकावर गप्प बसली होती. आईने पिशवीतून नवाकोरा कृत्रिम पाय काढला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. त्याला लाल मोजा घातलेला होता.

"सकाळी अगदी छान बसतो हो," आई म्हणाली. "दुपारी शाळेतून येते ती लंगडत. काल बघते तर एवढा मोठा फोड. आणि ही बया एका शब्दाने बोलली नाही!"

"का गं?" डॉक्टरांनी विचारलं.

"सांगितलं तर पाय काढून घ्याल," भिंगरी जमिनीकडे बघत म्हणाली.

डॉक्टरांनी मायलेकींना फोडावर मलमपट्टी करायला पाठवलं, दार लोटलं आणि वायरमावशीला बोलावणं धाडलं.

वायरमावशी म्हणजे या कार्यशाळेतले सगळे संगणक, त्यांच्या तारा आणि त्यांचे रुसवेफुगवे सांभाळणारी बाई. वय चोपन्न, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि संगणकाशी बोलायची सवय. बिघडलेल्या प्रिंटरला ती 'काय झालं रे बाळा' म्हणायची आणि अर्ध्या वेळा तो सुरूही व्हायचा. एकोणीस वर्षं ती हेच करत आली होती.

"मावशी, तीन आठवड्यांपूर्वी तुम्ही काहीतरी लावलंत," डॉक्टर म्हणाले.

"पॅच लावला. फाइल शेअरिंगच्या सॉफ्टवेअरला."

"त्याआधी दीड वर्षात दोन पाय परत आले होते. दोन! पॅच लावल्यापासून एकोणीस पाय बनवले, त्यातले चार परत." डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. ते रागावलेले नव्हते, थकलेले होते, आणि मावशीला त्याचंच जास्त वाईट वाटलं. "शनिवारी दुपारी बारापर्यंत कारण सापडलं तर उत्तम. नाही सापडलं तर पॅच काढून टाका."

"पॅच मी नाही काढणार, डॉक्टर."

"मग दुसरं कोणीतरी काढेल, मावशी. आणि पुढचं सगळंही मग तोच माणूस बघेल."

मावशी बाहेर आली तेव्हा तिच्या हातात भिंगरीचा पाय होता. तो तिने कधी उचलला, तिचं तिलाच कळलं नव्हतं.

२

आता हा पॅच काय होता ते सांगायला हवं.

कार्यशाळेत एक सर्व्हर होता, जिन्याखालच्या कपाटात. त्यावर एक शेअर्ड फोल्डर, आणि त्यात प्रत्येक रुग्णाचं मापपत्रक. सकाळी मापखोलीत स्कॅनरने उरलेल्या पायाचं माप घ्यायचं. आकडे मापपत्रकात जायचे. दुपारी चार वाजता कोरणी यंत्र ते आकडे वाचायचं आणि साचा कोरायचं. त्या साच्यावर पायाची वाटी बनायची, जिच्यात उरलेला पाय बसतो. पत्रक बाकी सगळ्यांना वाचता यायचं, पण त्यात लिहायचा हक्क फक्त मापखोलीला. निदान तसं ठरलेलं होतं.

पण हे फाइल शेअरिंगचं सॉफ्टवेअर होतं जुनं, आणि त्याला एक भोक निघालं. एखाद्या जुन्या संगणकाने जुन्या पद्धतीने विचारलं, तर ते ना नाव विचारायचं ना पासवर्ड. खुशाल लिहू द्यायचं. सॉफ्टवेअरवाल्यांची सूचना आली होती. दुसऱ्या एका केंद्राची सगळी मापं असल्याच भोकातून शिरून कोणीतरी कुलूपबंद करून टाकली होती. तिथली माणसं पंधरा दिवस नवीन पायाची वाट बघत बसली. मावशीने त्याच दिवशी ते भोक बुजवणारा पॅच लावला होता आणि पहिल्यांदा निवांत चहा घेतला होता.

आणि आता सगळं खापर त्या पॅचवरच.

ती आधी गेली कोरणी यंत्राच्या खोलीत. तिथले भाऊ प्लॅस्टरच्या भुकटीत माखून बसले होते. त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या.

"भाऊ, तुमच्या यंत्राला काही झालंय का?"

"माझ्या यंत्राला? बरं आहे, आता माझ्यावर ढकला!" भाऊ उसळले. "मी काय करतो? येईल तो आकडा कोरतो. साडेचोवीस आला, साडेचोवीस कोरला. पण तुझ्या त्या पॅचनंतर आकडेच विचित्र यायला लागलेत."

"विचित्र म्हणजे?"

"आधी कसे, निदान चार-पाच पत्रकांत तरी एखादं असं गोल यायचं. पंचवीस. साडेतेवीस. साडेचोवीस. वाचायला बरं. आता एकजात सगळी चोवीस पॉइंट एक, तेवीस पॉइंट सात! मी डॉक्टरांना सांगितलं, पॅचने आकडे कुरतडलेत म्हणून."

मावशीच्या मनात शंका आली. पॅच लावताना आपल्याच हातून खरंच काही बिघडलं असेल तर?

३

सूनबाईचं नाव कार्यशाळेत कोणी घेत नसे. ती उस्तादांची सून, म्हणून सगळ्यांची सूनबाई. मापखोली तिची होती. शिकून आलेली, हुशार, आणि कामाला इतकी चोख की रुग्ण बाहेर पडला की पलंगावरची चादर ती स्वतः ओढून सारखी करायची.

आज ती खिडकीशी उभी होती. डोळे लाल झालेले.

"मावशी, माझ्या हातून चुकतंय का?"

"अगं, आधी मला बघू तर दे. हा स्कॅनर आकडे कसे देतो?"

सूनबाईने दाखवलं. स्कॅनर देत होता पॉइंट तीन, पॉइंट आठ, पॉइंट एक. पहिल्या दिवसापासून तसेच. त्याला साडेचोवीसचं काहीच कौतुक नव्हतं.

मावशी चष्मा डोळ्यांवर चढवून पुन्हा बघत राहिली. भाऊ म्हणत होते, आकडे आत्ता विचित्र झाले. पण स्कॅनरचे आकडे तर पहिल्यापासूनच असे होते.

"सगळी मापं सकाळीच घेतेस?"

"सकाळीच घ्यावी लागतात. दुपारी या पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट पलंगावर येतं. स्कॅनरला ऊन चालत नाही. मग रुग्ण दिवसभर हॉलमध्ये जुन्या पायावर चालायचा सराव करतात, बाबांच्या देखरेखीखाली."

बाबा म्हणजे उस्ताद. चाळीस वर्षं त्यांनी टेपने आणि हाताने मापं घेतली होती. स्कॅनर आला तेव्हा सत्तरीला टेकले होते. डॉक्टरांनी त्यांना मानाने हॉलमध्ये बसवलं होतं.

"मग तू बाबांना का नाही विचारलंस गं? त्यांच्याइतकं पायातलं कोणाला कळतं?"

सूनबाई बराच वेळ चादरीची घडी सारखी करत राहिली.

"आम्ही पायांबद्दल बोलत नाही, मावशी. माझ्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांसमोर माझं माप चुकीचं ठरवलं. मोठ्याने. मला इतका अपमान वाटला की मी घरी जाऊन महिनाभर त्यांच्याशी धड बोलले नाही. शेवटी ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, सूनबाई, शब्द देतो, तुझ्या कामात पुन्हा कधी तोंड घालणार नाही." तिने नाक पुसलं. "तो शब्द त्यांनी पाळलाय. घरी भाजी निवडून देतात, मला बातम्या वाचून दाखवतात. पण पायाचं नाव काढत नाहीत. आणि मला... मला कधी त्यांना सांगताच आलं नाही, की बोला म्हणून."

मावशीने तिच्या पाठीवर हात ठेवला. ती म्हणाली, "जेवून घे आधी."

दारापर्यंत जाऊन ती थांबली. स्कॅनर गोल आकडे देत नाही. मग भाऊंना ते साडेचोवीस दीड वर्ष कोण पाठवत होतं?

४

मावशीची एक सवय होती, जिची सगळे टिंगल करायचे. ती दिवसातून दोनदा सगळ्या फायलींची प्रत काढून ठेवायची. एकदा दुपारी एक वाजता, एकदा संध्याकाळी पाचला. फार पूर्वी रोज चारच्या सुमाराला वीज जायची, तेव्हापासूनची सवय. वीज जायची कधीच थांबली होती, मावशी थांबली नव्हती.

तिने दीड वर्षाच्या दोन्ही प्रती काढल्या आणि एकीवर दुसरी धरून बघत बसली.

भिंगरीचं आधीचं पत्रक, पाच महिन्यांपूर्वीचं. एक वाजताच्या प्रतीत, तेवीस पॉइंट सहा. पाचच्या प्रतीत, चोवीस. आणखी एक पत्रक, एका गवंड्याचं. एकला, एकतीस पॉइंट दोन. पाचला, साडेतीस. म्हणजे कमी केलेलं. एका शिक्षिकेचं, वाढवलेलं. एका आजोबांचं, हातच लावलेला नाही.

"अगं बाई," मावशी स्क्रीनला म्हणाली.

कोणीतरी रोज येत होतं. फायलींवरची वेळ सांगत होती, दुपारी तीन ते चारच्या मध्ये, भाऊंचं यंत्र सुरू व्हायच्या आधी. येऊन मापं बदलत होतं. आणि पॅच लावल्यापासून एकही बदल नव्हता.

म्हणजे पॅचने काही बिघडवलं नव्हतं. बिघाड आधीपासूनच होता; कोणीतरी तो गुपचूप दुरुस्त करत होतं, आणि पॅचने त्या दुरुस्त करणाऱ्याचा रस्ता बंद केला होता!

तिने फाइल कोणाच्या नावाने सेव्ह झाली ते पाहिलं. सगळीकडे एकच शब्द. गेस्ट. पाहुणा. भोकातून येणाऱ्या प्रत्येकाला ते सॉफ्टवेअर हेच नाव द्यायचं, संगणक कुठला तेही लिहून ठेवायचं नाही.

बाहेरचा चोर? पण चोर माणूस भिंगरीच्या पायाची वाटी चार मिलिमीटर सैल कशाला करेल? आणि गवंड्याची घट्ट? हा ज्याला एकेक पाय ठाऊक आहे असा माणूस होता. आणि तो अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरने विचार करत होता.

एक गोष्ट तेवढी अडत होती. मागच्या मार्चात सलग अकरा दिवस पाहुणा आलाच नव्हता.

५

शुक्रवारी सकाळी मावशी डॉक्टरांकडे गेली आणि तक्रारींची वही मागून घेतली.

"ते आधी परत आलेले दोन पाय, डॉक्टर. त्यांची मापं कधीची?"

डॉक्टरांनी पानं उलटली. "दोन्ही मार्चमधली. एकाच आठवड्यातली. का?"

"सहज," मावशी म्हणाली. सहज काही नव्हतं. त्या अकरा दिवसांतलीच होती ती.

मग ती हॉलमध्ये गेली. तिथे समांतर दांड्या धरून दोघंतिघं चालत होते. कोपऱ्यात टेबलावर एक म्हातारा संगणक होता, रुग्णांच्या वेळा बघायला ठेवलेला. इतका जुना की मावशी त्याला 'पणजोबा' म्हणायची. खुर्ची रिकामी होती. उस्ताद डोळ्यांत औषध घालायला आत गेले होते.

भिंगरी बाकावर होती, पायाला पट्टी. मावशी शेजारी बसली.

"दुखतंय का गं?"

"थोडंसं." मग इकडेतिकडे बघून ती हळूच म्हणाली, "मावशी, आजोबा माझ्यावर चिडलेत का?"

"कोण, उस्ताद? तुझ्यावर? का गं?"

"आधी ते दुपारी जवळ यायचे. माझा पाय मांडीवर घ्यायचे आणि गोष्ट सांगायचे. तीन बोटांच्या राजाची. राजा पायाभोवती फिरायचा आणि कुठे दरवाजा अरुंद झालाय बघायचा. मग राजा म्हणायचा, इथे मोठा करा दरवाजा! आणि मला गुदगुल्या." ती हसली, आणि लगेच हसू मावळलं. "आता येतच नाहीत. लांबून बघतात नुसते. परवा मी हाक मारली तर तोंड फिरवलं."

"कधीपासून येत नाहीत?"

भिंगरीने बोटं मोजली. "तीन आठवडे झाले."

मावशीने डोळे मिटून घेतले. हजेरीवही बघायची खरं तर गरज नव्हती, तरी जाता जाता तिने बघितलीच. मागच्या मार्चात अकरा दिवसांची एकच रजा होती, मोतीबिंदूच्या ऑपरेशनची.

६

उस्ताद हॉलच्या मागच्या पायरीवर बसले होते. मावशी येऊन शेजारी बसली तशी ते सरकले.

"काय गं वायर, आज आमच्याकडे वाट चुकलीस?"

"उस्ताद, त्या पणजोबा संगणकावर काय दिसतं हल्ली? मापपत्रकात आकडा घातला की?"

त्यांचा चेहरा पडला. ते आपल्या हातांकडे बघू लागले. मोठे, खरखरीत हात होते ते.

"'परवानगी नाही' असं दिसतं," ते म्हणाले. "तीन आठवडे रोज तेच. आधी कधी अडवलं नव्हतं गं कोणी. पहिल्यांदा मी नुसतं पत्रक बघायला उघडलं. आकडा चुकलेला दिसला, पेन्सिलीने सुधारावा तसा सुधारला, बटण दाबलं, झालं. मला वाटलं, सगळ्यांनाच येतं." त्यांनी मावशीकडे बघितलं. "ते चोराचं दार होतं का?"

"भोक होतं, उस्ताद. तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"सकाळी निजून घेतलेलं माप दुपारी चाललेल्या पायाला बसत नाही. पाय फुगतो. पोरांचा तर विचारूच नको. काही जणांचा उलट आटतो, त्या गवंड्यासारखा. हे हाताला कळतं, यंत्राला कसं कळणार? पण मी शब्द दिलेला. तोंड घालणार नाही म्हणून. तर म्हटलं, तोंड कशाला, बोट घालू." त्यांनी हसायचा प्रयत्न केला आणि तो जमला नाही. "त्या पोरीचा फोड बघितला मी लांबून. जवळ जाववेना. हात लावला असता तर कळलं असतं किती सैल करायचं, आणि कळून करणार काय?"

मावशीने त्यांना शनिवारच्या बाराची गोष्ट सांगितली. उस्तादांना ती ठाऊकच नव्हती. ते गडबडले, मग एकदम त्यांचे डोळे चमकले.

"अगं, मग काढ ना तो पॅच! तुझं काम राहील, मी पुन्हा गुपचूप सुधारीन, पाय नीट बसतील. सूनबाईला कळायचंही नाही. तिला वाटतं, सगळे पाय तिच्या मापाने बसतात. तेवढं तिच्याकडून काढून घेऊ नकोस, पाया पडतो तुझ्या."

किती सोपं होतं! एक बटण, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात. मावशीला मोह झाला, अगदी खरं सांगायचं तर फार मोह झाला. एकोणीस वर्षांची खुर्ची, ते कपाट, तो प्रिंटर, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. मग तिला पंधरा दिवस पायाची वाट बघत बसलेली ती दुसऱ्या केंद्राची माणसं आठवली.

"उस्ताद, त्या दारातून तुम्ही एकटेच आला असतात तर मीच ते उघडं ठेवलं असतं. पण तसं होत नाही. आठशे माणसांचे पाय आहेत त्या कपाटात."

"मग माझं नाव सांगशील उद्या?"

"नाही सांगणार."

"आणि तुझं काय होईल?"

मावशी उठली, पदर झटकला आणि आत गेली.

७

शनिवारी साडेअकराला डॉक्टर, भाऊ, सूनबाई आणि उस्ताद हॉलमध्ये जमले. मावशीने दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"हे एक वाजताचे आकडे, हे पाचचे," ती म्हणाली. "भाऊ, तुमचे गोल आकडे हे बघा. ते स्कॅनरने कधीच दिले नव्हते. कोणीतरी दुपारी येऊन मापं बदलत होतं. त्यामुळे पाय बसत होते. मार्चात तो माणूस अकरा दिवस आला नाही, तर दोन पाय परत आले. पॅचने त्याचा रस्ता बंद झाला, तर चार. पॅचने कुठलाही आकडा कुरतडलेला नाही. सकाळचं माप दुपारच्या पायाला होत नाही, एवढीच भानगड आहे."

भाऊ आ वासून बघत राहिले. डॉक्टरांनी दोन्ही कागद हातात घेतले.

"कोण होतं ते?"

"तिथे गेस्ट लिहिलंय."

"मावशी, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. पण मी सांगणार नाही. कारण मागितलं होतंत, ते दिलं. त्याने भागत नसेल तर किल्ल्या या इथे ठेवते." आणि तिने खरोखरच कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

डॉक्टर काही बोलणार, तेवढ्यात सूनबाईने त्यांच्या हातातला कागद ओढून घेतला. तिची नजर आकड्यांवरून खाली खाली गेली. साडेतीस. चोवीस. साडेसव्वीस.

"आमच्या घरी एक टेप आहे," ती हळूहळू म्हणाली. "जुनी, कापडी. तिच्यावरच्या बारीक रेघा कधीच पुसल्यात. अर्ध्या सेंटिमीटरच्याच तेवढ्या दिसतात." तिने मान वर केली. "हे बाबांचे आकडे आहेत."

उस्ताद उठून उभे राहिले. शाळेत उभं केल्यासारखे.

"दीड वर्ष, बाबा?" सूनबाईचा आवाज चिरकला. "मला वाटायचं माझे पाय बसतायत. लोक मला येऊन हात जोडायचे, मी खुशाल ते घ्यायची! त्यातला एकही माझा नव्हता?"

"सूनबाई, मी शब्द दिला होता, म्हणून..."

"थांब गं सूनबाई," मावशी मध्येच म्हणाली. "तिसरा कागद बघ आधी."

तो तिने मुद्दाम मागे ठेवला होता. त्यात महिन्यांची यादी होती. पहिल्या महिन्यात एकवीस पत्रकं, पाहुण्याने बदललेली एकोणीस. सहाव्या महिन्यात बावीसपैकी अकरा. मार्चात नवापैकी चार, रजा सोडून. पॅचच्या आधीच्या महिन्यात विसापैकी चार.

"यांनी हात लावायचं कमी का केलं असेल? आळस आला म्हणून? अगं, तू शिकत होतीस. तुझी सोळा पत्रकं उस्तादांना सुधारावीशी वाटली नाहीत. चाळीस वर्षं पाय बनवलेल्या माणसाने बघून ती तशीच सोडली. याहून मोठी शाबासकी मी तरी कुठे बघितलेली नाही. उरलेली चार तुला सकाळी कळणं शक्यच नव्हतं, कोणालाच नव्हतं."

सूनबाई तो कागद वाचत राहिली, आणि मग तिला रडू फुटलं ते आवरेना. उस्ताद पुढे झाले, पण हात नेमका कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. चाळीस वर्षं लोकांच्या पायांना हात लावलेला माणूस, पण सुनेच्या डोक्यावर हात ठेवायला त्याला धीर गोळा करावा लागला.

"बाबा," ती रडतच म्हणाली, "तो शब्द मला नकोय. परत घ्या तो. मला तुमच्याशी बोलायचंय हो."

डॉक्टरांनी किल्ल्या उचलल्या आणि मावशीच्या हातात कोंबल्या. "या इथे पुन्हा ठेवल्यात तर बघा," ते म्हणाले आणि घाईघाईने खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

८

पॅच राहिला. मापखोलीच्या पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा आला, भाऊंनी कुरकुरत ठोकून दिला. मापं आता दुपारी चालून झाल्यावर घेतात. पणजोबांना निरोप देऊन हॉलमध्ये नवा संगणक आला. त्यावर मावशीने उस्तादांना त्यांचं स्वतःचं खातं उघडून दिलं, नाव आणि पासवर्डसकट. मापपत्रकावर नावासाठी एकच रकाना होता. तिने तिथे दोन केले.

"म्हणजे आता मी चोर नाही ना गं?" उस्तादांनी विचारलं.

"चोर कधीच नव्हतात. पाहुणे होतात. आता घरचे झालात."

पुढच्या गुरुवारी दुपारी भिंगरीचं माप पुन्हा घेतलं. आधी उस्तादांनी तिचा पाय मांडीवर घेतला, आणि तीन बोटांचा राजा चार आठवड्यांनी राज्यात परतला. भिंगरीच्या हसण्याने अख्खा हॉल वळून बघायला लागला. ती हसत असतानाच सूनबाईने स्कॅनर फिरवला.

"चोवीस पॉइंट सहा," सूनबाई म्हणाली.

"साडेचोवीस," उस्ताद म्हणाले.

"बाबा, स्कॅनर पॉइंट सहा म्हणतोय."

"त्याला काय कळतंय? त्याने गोष्ट सांगितली का तिला? पोरीने हसताना पाय आवळला की तो."

"मग हसवायचं नाही माप घेताना!"

"हे बघ सूनबाई, तू शिकलेली असशील..."

पाच वाजता मावशीने दिवसाची दुसरी प्रत काढली, कपाटाला कुलूप लावलं आणि बाहेर पडली. पुढे रस्त्यावर ती दोघं घरी चालली होती. उस्ताद हातवारे करत होते, सूनबाई मान हलवून नाही नाही म्हणत होती, आणि ते एका मिलिमीटरवरून तावातावाने भांडत होते. कोपऱ्यावर वळेपर्यंत दोघांचे आवाज ऐकू येत होते. मावशी किल्ल्या हातात धरून फाटकाशी उभी राहून ते ऐकत होती.